सरकारी योजनेचें तोंड कोणीकडे?

(शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत केलेलें भाषण)



सरकारची योजना निघाली कीं, आपण पहिला प्रश्न विचारतों, "पैसा किती आला?" आमचें म्हणणें असें कीं, पैसा किती हें मागाहून, आधीं योजनेचें तोंड कोणीकडे आहे तें पहावें. गाडी वैरणीनें गच्च भरली, पण बैल पाटलाच्या वाड्याकडे जुंपले असतील, तर आपल्या गोठ्यांत काडी तरी पडेल काय?

उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच घेऊं. पूर्वी दुष्काळ पडला आहे कीं नाहीं हें सरकार ठरवी, मग दुष्काळी कामें निघत. पोट आमचें, पण भूक लागल्याचा दाखला साहेबांचा! विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं ही रीत उलटी फिरविली. मागेल त्याला काम, हा तो विचार. १९७२-७३ च्या दुष्काळांत त्याची खरी कसोटी लागली. १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीं तर भत्ता. पैशासाठीं १९७५ सालीं नोकरदार व धंदेवाले यांच्यावर व्यवसाय कर बसविला. शहराच्या पगारांतून खेड्याची मजुरी! हिला आम्ही दिशा म्हणतों.

पण ही दिशा अर्धीच होती. काम मागावें आम्हीं, आणि काम कोणतें तें ठरवावें कचेरीनें. म्हणून त्या दुष्काळांत आमच्या बाया उन्हांत लेंकरूं शेजारीं निजवून खडी फोडीत बसल्या. साहेबांचेंही एक खरें होतें. एकदम हजारों हात आले तर खडी मोजावयास सोपी, हजेरीही एके ठिकाणीं. पण संध्याकाळीं मजुरी पोटांत गेली, आणि खडीचा ढीग पाणी थोडेंच धरतो?

१९९० सालीं सरकारनें फळबाग या योजनेला जोडली. आपल्याच रानांत खड्डे खणावे, कलमें लावावीं, आणि मजुरी योजनेंतून मिळावी. कोंकणांत आंबा-काजू, सोलापुराकडे बोर-डाळिंब उभें राहिलें. हमी तीच, कुदळही तीच. तोंड मात्र वळलें. तरी ज्याला रान आहे त्याचीच बाग झाली. बिगरजमिनीचा मजूर, लोहार, कुंभार यांनीं कलम लावावें कोठें? त्यांच्या वांट्याला मजुरी आली, झाड आलें नाहीं. हें कोणी विचारलें नाहीं, कारण विचारावयाच्या जागीं ते नव्हतेच.

ती जागा आतां आपल्या गांवांत आहे. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानें कामें निवडण्यास ग्रामसभेची शिफारस धरली. २०१५ पासून महाराष्ट्रांत 'आमचं गांव, आमचा विकास' या नांवानें गांवाचा आराखडा करण्याचें ठरलें. आराखडा आमचा म्हणतात खरा, पण कित्येक गांवीं तो आधींच लिहून तयार असतो, सभेचें पुस्तक घरोघर फिरतें, आणि सुतारदादा रंधा बाजूला ठेवून सही करतात. वाचून कोण दाखवितो? मग गांवांत कमान उभी राहते, आणि ओढ्याचा बांध फुटलेला तो फुटलेलाच.

तेव्हां येत्या ग्रामसभेला घरांतील बायामाणसांसह चला. मागील सालची कामांची यादी आधीं मोठ्यानें वाचून घ्या. प्रत्येक कामापुढें विचारा, पाणी कोणाच्या रानांत गेलें, मजुरी कोणाला मिळाली, आणि ज्याला रान नाहीं त्याच्या घरीं काय राहिलें? उत्तरें पुस्तकांत लिहवून घ्या. मगच नवी यादी घालूं द्या, आणि सही तेथेंच सभेंत करा.