गाडीवरचे हट्टी डाग: आधी पाणी, मग हात

आजचा विषय मौद्याहून आलेल्या एका व्हॉइस नोटमधून निघालाय. पांढरी गाडी, पाच वर्षं जुनी, विकायला काढलीय. बघायला आलेल्या माणसाने बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रंग खरबरीत झालाय, भाव कमी करा." आता आपल्या भाऊचा प्रश्न असा की, हे डाग निघतील की सरळ गाडी रंगवून घ्यावी?

रंगवायची घाई करू नका भाऊ. जुन्या गाडीला नवा रंग दिसला की घेणाऱ्याला पहिली शंका अपघाताची येते. आणि तुम्ही सांगितलेले बरेचसे डाग रंगात गेलेले नसतात, रंगावर बसलेले असतात.

मौदा म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको. कन्हान नदी, नागपूर-भंडारा हायवे, धानाची शेती आणि एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र. गाडीवर बसते ती धूळ यातली नेमकी कुठली, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. पण उडती राख असेल तर ती साधी माती नाही, हे लक्षात ठेवा. काचेसारखे बारीक गोळे असतात, त्यात सिलिका आणि ॲल्युमिना. कोरड्या फडक्याने पुसली की तीच राख पॉलिश पेपरचं काम करते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात ना, त्यातल्या बहुतेक अशाच पुसण्यातून आलेल्या असतात. सकाळी दव पडलेल्या गाडीवर फडकं मारणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा चिखल घासला जातो.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. तुमचं सगळं भांडवल एवढंच. पॉलिश केलं की त्यातलाच थोडा जातो, आणि तो परत येत नाही.

म्हणून आधी छतापासून खाली भरपूर पाणी सोडा, हात न लावता. मग कार शॅम्पू, दोन बादल्या (एक साबणाची, एक कापड खळबळायची) आणि मायक्रोफायबर. भांड्यांची घासणी नको. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून बोनेट घासू नका, तीही एक बारीक घासणीच आहे.

आता एकेक डाग. बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हातच वाळू दिली की पांढरी वर्तुळं उमटतात. ते क्षार आहेत, साबणाने हलत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीत वरून भरायचं पाणी बरं का, ॲसिड नव्हे! गाडी सावलीत, पत्रा थंड. ओलं कापड डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच धुऊन टाका. तरी वर्तुळाची कडा दिसतच असेल तर पाण्याने क्लिअर कोट खाल्लाय, तिथे पॉलिशच लागेल.

पक्ष्यांची विष्ठा आपल्याकडे जास्त घातक, कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. तापलेला थर नरम पडतो, त्यात विष्ठेतलं आम्ल. सकाळचा डाग संध्याकाळपर्यंत ठसा होऊ शकतो. वाळली असेल तर खरवडू नका. ओला कपडा दहा मिनिटं ठेवा आणि वरच्या वर उचला.

हायवेवरचं डांबर चाकाच्या मागच्या बाजूला, दाराखाली सापडेल. बरेच जण पेट्रोल लावतात. काम होतं, पण आगीचा धोका, आणि रबर-प्लास्टिक खराब. टार रिमूव्हर आणा. नाहीच मिळालं तर खोबरेल तेल लावून अर्धा तास सोडा, डांबर सैल होतं. वेळ लागतो, पण रंग शाबूत राहतो. नंतर शॅम्पूने तेल काढा.

आता तो खरबरीतपणा, म्हणजे आपल्या भाऊचं खरं दुखणं. धुतलेल्या गाडीवर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटं फिरवा, खडे जास्त जाणवतात. पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके असतील तर ते ब्रेकच्या चकत्यांतून किंवा कुठल्या कारखान्यातून उडालेले लोखंडाचे कण, गंजलेले. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळा रंग वाहतो, घाबरू नका. तो वाळू मात्र देऊ नका. उरलेलं क्ले बारने निघतं, पण भरपूर साबणपाणी मारून आणि अजिबात जोर न देता. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्याचे पैसे वाचवायला जाल आणि दारावर ओरखडा पडेल.

ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, आणि जाईल असं सांगणाऱ्या दुकानदाराला आधी एका छोट्या कोपऱ्यावर करून दाखवायला सांगा. नख अडकलं नाही, तरी सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा, तेही हाताने. मशीन पहिल्यांदाच धरत असाल तर पत्र्याच्या कडांपासून लांब राहा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

शेवटी वॅक्स. आणि हो, घेणाऱ्याला गाडी सकाळच्या उन्हात दाखवा, संध्याकाळी नको. लपवण्यासारखं काही नाही, हे त्याला आपोआप दिसेल.