अंगात त्राण नाही, मनही लागत नाही



“अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही,” असं एखादी बोलली की घरचे म्हणतात आळस आला, कुणी म्हणतं बाहेरचं झालं. आम्ही गटातल्या बाया म्हणतो, आधी तिची तपासणी करू.

ड जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात तयार करते. ते कमी पडलं की हाडं दुखतात, थकवा येतो. आपल्या कर्जत-खालापुरात ऊन भरपूर, पण पावसाळाभर आभाळ भरलेलं, आणि कारखान्यात जाणारीचा दिवस छपराखाली जातो.

दुसरी गोष्ट आतल्या सुजेची. वाढलेलं वजन, मधुमेह, तंबाखू, अपुरी झोप यांमुळे शरीरात न दिसणारी बारीक सूज राहू शकते. उदास राहणाऱ्या काही जणांच्या रक्तात ही सूज जास्त आणि ड जीवनसत्त्व कमी आढळतं. पण त्यामुळेच उदासी येते, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर माणसांची सुमारे पाच वर्षं पाहणी झाली. निम्म्यांना ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. २०२० साली निकाल आला: उदासी दोन्हीकडे सारखीच.

म्हणून ऐकीव सल्ल्यावर गटाचं कर्ज काढून इंजेक्शनं घेऊ नका. ड जास्त झालं तर मूत्रपिंडालाही त्रास होतो. डॉक्टरांना विचारून रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघा, थकवा त्यांनीही येतो.

घरी काय करायचं? नाचणीची भाकरी, डाळ, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू. खात असाल तर अंडं, सुकट. जेवणातून ड थोडंच मिळतं, म्हणून ऊन पडेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं हात-पाय उघडे ठेवून बसा. मशेरी सोडा. आणि सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणं बंद करा.

पण सगळंच दुःख शरीरातून येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तसलं दुःख गोळीने भरत नाही. त्याला माणूस लागतो. नवऱ्याची दारू, मारहाण, कर्ज, यांचंही तसंच.

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, रडू येतं, असं असेल तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर आजच फोन लावा, आणि तिला एकटं सोडू नका.

गटातली बाई दोन बैठकांना आली नाही, तर तिच्या घरी जा. हप्त्याचं नंतर विचारा. आधी विचारा, “बाई, तू कशी आहेस?”