लिनक्सची स्थापना आणि डिस्कची वाटणी

(शालेय संगणक-शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. आपल्या शाळांतील कित्येक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. परंतु यंत्र म्हणून ते धडधाकट आहेत. त्यांच्यावर लिनक्स घालावी, या विचाराने आपण येथे जमलो आहोत. लिनक्सचे गुण आपण सकाळपासून ऐकतच आहात. त्यात मी भर घालणार नाही. ज्या एका पायरीवर नवशिक्याचा हात थबकतो, तिच्याविषयीच मला बोलावयाचे आहे. ती पायरी म्हणजे डिस्कचे विभाजन. आपल्या नित्याच्या बोलण्यातील पार्टिशन.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील गुरुजींनी कार्यालयातील संगणकावर लिनक्स घालण्याचे ठरविले. मुलांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी, सर्व फाइली त्यांनी आदल्या दिवशी काळजीपूर्वक डी ड्राइव्हवर हलविल्या. सी पुसला गेला तरी डी सुरक्षित राहील, अशी त्यांची समजूत होती. स्थापनेच्या पडद्यावर पहिलाच पर्याय होता, ‘डिस्क पुसून लिनक्स स्थापित करा’. त्यांनी तो निवडला. अर्ध्या तासात लिनक्स उत्तम चालू लागली आणि डी ड्राइव्ह मात्र कोठेच दिसेना. मला बोलावणे आले तेव्हा नव्या प्रणालीने जुन्या जागेचा बराच भाग व्यापला होता. फोटोरेक या साधनाने काही फाइली हाती आल्या, पण त्यांची नावे गेलेली. दाखल्यांच्या नोंदी कागदी रजिस्टरवरून पुन्हा भराव्या लागल्या आणि त्यात त्या गुरुजींची दिवाळीची सुटी गेली.

त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी काळजी घेतली होती. शब्दाने त्यांचा घात केला. सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत, तर एकाच डिस्कचे ते दोन हिस्से होत. एका गटाचे दोन पोटहिस्से असावेत आणि संपूर्ण गटच दुसऱ्याच्या नावे व्हावा, तसा हा प्रकार झाला. विंडोजने वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर ठेवलेला ‘ड्राइव्ह’ आणि लिनक्सने विचारलेली ‘डिस्क’ यांतील अंतर त्या पडद्यावर कोठेही सांगितलेले नव्हते.

पुढे गेल्यावर घोटाळा वाढतोच. लिनक्समध्ये सी, डी ही अक्षरे नाहीत. संपूर्ण डिस्कला एसडीए, तिच्या हिश्श्यांना एसडीए१, एसडीए२ अशी नावे. नव्या एनव्हीएमई डिस्कची नावे याहूनही लांबलचक. ज्या पेनड्राइव्हवरून स्थापना चालू आहे, तोही एखाद्या वेळी याच यादीत येऊन बसतो. आकारावरून ओळखू म्हटले, तर २५६ जीबीची डिस्क विंडोज २३८ जीबी दाखविते, कारण ती १०२४ च्या पटीने मोजते. लिनक्सची काही साधने तीच डिस्क २५६ दाखवितात. उरलेले १८ जीबी कोणी नेले, असा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जातो. कोणीच नेलेले नाहीत. माप निराळे आहे.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रथम प्रसिद्ध केली. त्यानंतरची पुष्कळ वर्षे नवशिक्याला एफडिस्क या आज्ञेने, आकडे टंकित करून, ही वाटणी करावी लागे. २००४ मध्ये आलेल्या जीपार्टेडने डिस्क रंगीत पट्टीच्या रूपाने दाखविली आणि ‘लागू करा’ असे सांगेपर्यंत डिस्कला हात न लावण्याची सोय ठेवली. डेबियनची स्थापना-आज्ञावलीही बदल लिहिण्यापूर्वी संमती विचारते व मुळात ‘नाही’ हेच उत्तर धरून ठेवते. उबंटूने २००८ मध्ये विभाजनाची कटकटच टाळली: वुबी या साधनाने विंडोजमधील एका मोठ्या फाइलीत लिनक्स बसविता येई. ती वाट २०१३ मध्ये सोडण्यात आली. २०१७ मध्ये उबंटूने स्वॅपसाठी स्वतंत्र हिस्सा मागणे थांबवून साधी फाइल वापरण्यास आरंभ केला, आणि नवशिक्यापुढील आणखी एक प्रश्न गळाला.

प्रश्न कमी झाले, हे खरेच. परंतु जे उरले ते अजून यंत्राच्या भाषेत विचारले जातात. माझ्या मते पडद्याने डिस्कचे नाव सांगण्याआधी तिच्यावर काय आहे ते सांगितले पाहिजे: ‘या डिस्कवर विंडोज आहे, सी आणि डी हे दोन्ही हिस्से हिच्यावरच आहेत, पुढे गेल्यास दोन्हींतील फाइली जातील.’ एवढे वाक्य त्या दिवशी असते, तर मला त्या गावी जावे लागले नसते.

तोपर्यंत काळजी आपणच घ्यावयाची. फाइलींची प्रत त्या संगणकाबाहेर असावी. डी ड्राइव्ह म्हणजे बाहेर नव्हे. विंडोज ठेवावयाची असेल, तर जागा मोकळी करण्याचे काम विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमधूनच करावे आणि तत्पूर्वी फास्ट स्टार्टअप बंद करावे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की प्रथम लिहून घ्यावी. ईएफआय नावाचा लहानसा हिस्सा दिसेल. संगणक सुरू होण्याची व्यवस्था त्यात असते, तो पुसू नये. संगणकावर राखण्यासारखे काहीच नसेल, तर संपूर्ण डिस्क देऊन मोकळे व्हावे. होमसाठी वेगळा हिस्सा करावा की नाही, यावर जाणकार मंडळी तासन्‌तास वाद घालतात. नवशिक्याने तो वाद खुशाल त्यांच्याकडे ठेवावा. एक हिस्सा पुरतो.

आता दुपारच्या सत्राविषयी. डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येते. प्रत्येकाच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये २५ जीबीची आभासी डिस्क ठेवली आहे. ती कितीही वेळा पुसली तरी कोणाचेही नुकसान होणार नाही. मात्र शेजारी एक कोरा कागद ठेवा. ज्या शब्दापाशी आपण थबकलात, तो शब्द आणि त्या वेळी मनात आलेला अर्थ जसाच्या तसा लिहा, चुकीचा वाटला तरी. ते कागद संध्याकाळी गोळा करून अनुवादाचे काम करणाऱ्या मंडळींकडे पाठवावयाचे आहेत.