कॅमेरा आधी भाड्याने आणा



जयसिंगपुरात लग्न निघालं की मंडप, खुर्च्या, बिर्याणीची डेग, सगळं आपण भाड्याने आणतो. डेग विकत घेऊन घरात कोणी ठेवत नाही. पण त्याच लग्नाचे फोटो काढायचं काम मिळालं, की पोरगा आधी कॅमेऱ्याच्या हप्त्यांची चौकशी करतो. कधीकधी त्यासाठी आईच्या बांगड्या गहाण पडतात. म्हणून आज हिशेब मांडू.

समजा, कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून २ लाख रुपये झाले आणि तोच संच दिवसाला २,००० रुपयांनी भाड्याने मिळतो. म्हणजे १०० दिवस काम झाल्यावर बरोबरी. पुढे कॅमेरा विकून ८० हजार परत आले असं धरलं, तरी ६० दिवस हवेत. व्याज वेगळंच.

आता कॅलेंडर उघडा. चातुर्मासात हिंदू लग्नांचे मुहूर्त नसतात. आपल्याकडे रमजानमध्ये लग्नं क्वचितच होतात आणि मोहरम अनेक घरं टाळतात. नव्या माणसाला वर्षाला २० दिवस काम मिळालं, तर ६० दिवसांना ३ वर्षं लागतात. हप्ता मात्र कामाची वाट बघत नाही.

यंत्रही जुनं होतं. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी फुल-फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतात, पण नव्या लेन्स नव्या माउंटसाठीच येऊ लागल्या.

माझ्या क्षेत्रात हे आधीच घडलंय. ॲमेझॉनने २००६ मध्ये सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. आज छोटी कंपनी पहिल्याच दिवशी सर्व्हर विकत घेत नाही. लागेल तेवढा वापरते आणि तेवढेच पैसे देते.

भाड्याने घेताना काळजी मात्र घ्या. लग्नसराईत सगळ्यांना एकाच तारखेला कॅमेरा हवा असतो, म्हणून आधीच बुक करा. सामान आदल्या दिवशी आणा; निकाहची कबुली फोटोसाठी पुन्हा होत नाही. लेन्सवर ओरखडे किंवा बुरशी आहे का, फोकस नीट होतो का, हे दुकानातच तपासा आणि त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. अनामत किती आणि तुटफूट झाली तर भरपाई कोणाची, हे लिहून घ्या. मेमरी कार्डं तेवढी स्वतःची ठेवा.

मुलींना खास सांगतो. आपल्या लग्नांत बायकांच्या बाजूला फोटो काढायला अनेक घरांना बाईच हवी असते. घरातून २ लाख मिळणं कठीण; एका दिवसाचं भाडं जमवता येतं. ते काम स्वतःच्या कमाईचं पहिलं पाऊल ठरू शकतं.

कॅमेरा कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. एक वही ठेवा. भाड्याचे दिवस आणि रक्कम लिहीत जा. वर्षाचं भाडं कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला पोहोचलं, तर खुशाल विकत घ्या. तोवर बांगड्या आईच्या हातातच राहू द्या.