चार तासांची सोबत

वलसाड-नवसारीपासून नंदुरबार-जळगावपर्यंतच्या डायलिसिस केंद्रांतून आलेल्या माझ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळी, आणि रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इथे आलेल्या मैत्रिणींनो, डायलिसिस परिचर्येच्या या परिषदेसाठी स्वागत समितीच्या वतीने कोसाडमध्ये आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करते.

सुरतेतल्या वैद्यकीय परिषदा एरवी अठवालाइन्सला नाही तर वेसूला भरतात. आपण तापी ओलांडून इकडे आलात याचा आम्हां कोसाडकरांना विशेष आनंद आहे. कोसाड एकेकाळी नदीपलीकडचं शेतीवाडीचं गाव होतं. आता ते महापालिकेत आहे. इथल्या आवास वसाहतीत जुन्या झोपडपट्ट्यांतून हललेली हजारो कुटुंबं राहतात. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी घरबसल्या साडीला टिकल्या लावण्याच्या कामात. एकाच जिन्यावर गुजराती, हिंदी, ओडिया आणि अहिराणी ऐकू येते. तापी मुलताईला उगम पावते आणि भुसावळ, खानदेश करत सुरतेला येते. तिच्या मागोमाग, सुरत-भुसावळच्या गाडीने, आमची खानदेशी माणसंही आली आणि इथलीच झाली. महापालिकेच्या मराठी शाळा त्याची साक्ष आहेत.

परिषद इथेच घ्यावी असा आमचा आग्रह होता, कारण आपले पेशंट अशाच वस्त्यांतून येतात. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांचा डायलिसिस मोफत व्हावा म्हणून 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. गुजरातेत तर अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने केंद्रं तालुक्यांपर्यंत पोचली. कॅनडातली प्रॅक्टिस सोडून परतलेल्या आणि ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. एच. एल. त्रिवेदींना या व्यासपीठावरून वंदन करते. पण डायलिसिस मोफत झाला तरी रिक्षा मोफत नसते आणि लूमवरची बुडालेली पाळी कुणी भरून देत नाही. पेशंटने डायलिसिसची एखादी फेरी चुकवली, तर त्यामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. तो आधी कळतो सिस्टरला.

आता आजच्या विषयाकडे येते. नर्सिंगच्या मुली मला विचारतात, "मॅडम, आयसीयूत नाव होतं, परदेशात पैसा मिळतो, मग डायलिसिसला कशाला जायचं? तेच पेशंट, तेच मशीन, तेच चार तास." माझी सगळी नोकरी याच कामात गेली, म्हणून उत्तर देण्याचा थोडा अधिकार सांगते. मुलींनो, "तेच पेशंट" ही या कामातली अडचण नाही, तीच कमाई आहे.

साधा गुणाकार करा. आठवड्याला तीन वेळा, दर वेळी चार तास. वर्षाला 156 फेऱ्या, 624 तास. इतका वेळ सख्खा भाऊही भावाजवळ बसत नाही. सर्जिकल वॉर्डातला पेशंट टाके निघाले की जातो आणि आपल्याला विसरतो, विसरावंच त्याने. आपल्याकडचा माणूस मात्र वर्षानुवर्षं येतो. त्याच्या मुलीचं दहावीचं वर्ष, गावाकडच्या कपाशीचा भाव, सुनेचं बाळंतपण, सगळं आपल्याला ठाऊक असतं.

ही सोबत आली कुठून, तेही सांगते. 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडात, कॅम्पेन गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून मशीन बनवलं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे त्याचा उपयोग थोड्या दिवसांच्या संकटापुरताच होता. 1960 मध्ये सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शिल्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगला. 1966 मध्ये फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, आली. थोड्या दिवसांचा उपचार जन्माचा झाला आणि जन्माचा झाला म्हणूनच तो नर्सच्या हाती आला. डॉक्टर राउंड घेऊन जातात. चार तास उशाशी कोण असतं?

आणि ते चार तास म्हणजे नुसतं बसणं नव्हे. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त फिल्टरमधून फिरतं, म्हणजे एका फेरीत साठ-सत्तर लिटर. दुसऱ्या बाजूने एकशेवीस लिटरच्या आसपास शुद्ध पाण्याचं द्रावण वाहतं. मशीन प्रेशर दाखवतं, अलार्म देतं. पण अलार्मच्या आधी काय होतं हे आपल्याला माहीत आहे. दर वेळी बडबड करणारे काका तिसऱ्या तासाला गप्प होतात आणि जांभया देऊ लागतात. सिस्टर उठते, बीपी बघते, डोकं खाली घेते, पाणी काढणं थांबवते, सलाईन सोडते. दोन मिनिटांनी काका पुन्हा बडबडू लागतात. काय घडलं ते शेजारच्या खुर्चीवाल्यालाही कळत नाही.

फिस्टुलाचंही तसंच. लूम चालू असलेल्या खोलीच्या भिंतीला हात लावला की थरथर जाणवते ना, तशीच फिस्टुलाची थरथर बोटांना लागते. एका सकाळी सुई लावण्याआधी मी बोटं ठेवली आणि ती थरथर अगदी मंद लागली. पेशंटला काही दुखत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, त्याच दिवशी सोय झाली आणि फिस्टुला वाचला. पेशंटची जीवनवाहिनी बोटांच्या टोकांवर ओळखता येणं, हे कौशल्य एका दिवसात येत नाही आणि एकदा आलं की कुणी काढून घेऊ शकत नाही.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरणपोळी नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही. आखाजीनंतरच्या फेरीला एक आजी वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. ड्राय वेटपेक्षा, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, चार किलो वर. विचारलं, "आजी, रस किती?" म्हणाल्या, "एकच वाटी." मी म्हटलं, "वाटी होती की पातेलं?" त्या हसल्या, आणि मग खरं सांगितलं. आंबा, जळगावची केळी, नारळपाणी यांतलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, हे मी आधीही सांगितलं होतं. पण आजीने खरं सांगितलं म्हणून मला डॉक्टरांना वेळेत सांगता आलं. ओरडलं की पेशंट खोटं बोलायला शिकतो. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी आखाजीचा बेत आधीच ठरवला: रस चाखण्यापुरता, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशीच फेरी.

या कामात खुर्च्या रिकाम्याही होतात. कधी वाईट बातमी येते आणि सगळा हॉल दिवसभर हळू बोलतो. ते दुःख मी लपवणार नाही. ओळख झाली की ते येणारच. पण कधी खुर्ची रिकामी होते ती आईने किंवा बायकोने किडनी दिली म्हणून, तर कधी कुठल्या अनोळखी घराने दुःखात अवयवदानाला होकार दिला म्हणून. सुरत आज अवयवदानासाठी देशभर ओळखली जाते, त्यात डोनेट लाइफसारख्या संस्थांचं काम मोठं आहे. असा माणूस काही महिन्यांनी पेढे घेऊन येतो आणि आपल्यासमोर ग्लासभर पाणी एका दमात पितो. वर्षानुवर्षं ज्याला घोट मोजून दिले, त्याने असं पाणी प्यालेलं पाहणं, हे आपल्या पदरात पडतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलते. समाधान हा पगाराचा पर्याय नाही. "तुमचं काम पुण्याचं" असं म्हणत पुण्य हातावर ठेवायचं आणि कंत्राट अकरा महिन्यांचं द्यायचं, हे बंद व्हायला हवं. आपल्या देशात एम.एस्सी. नर्सिंगमध्ये नेफ्रो-युरॉलॉजी हा विशेष विषय आहे. मग वॉर्डात त्या शिक्षणाला पद आणि वेतन का नसावं? हात तयार झालेल्या सिस्टरची बदली करून पुन्हा नवी मुलगी आणायची, यात नुकसान पेशंटचं होतं. एका सिस्टरकडे किती खुर्च्या, हिपॅटायटिस बीची लस प्रत्येकीला मिळाली का, आरओ पाण्याची तपासणी वेळेवर होते का, या प्रश्नांवर या परिषदेने ठराव करावेत अशी माझी विनंती आहे. 1891 साली बाई काशीबाई गणपत मुंबईत परिचर्या शिकायला आल्या, तेव्हा चांगल्या घरच्या बाईने हे काम करावं का, यावर लोक बोलत. आज तो प्रश्न उरलेला नाही. आता प्रश्न मोबदल्याचा आहे, आणि तो आपणच विचारायचा आहे.

 व्यवस्थेत काही उणं राहिलं तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. दुपारी भरीत, कळण्याची भाकरी आणि सुरती लोचो आहे. भरितात मीठ कमी वाटलं तर आचाऱ्याला बोलू नका. ती सूचना स्वागत समितीचीच आहे. आपण जे दुसऱ्यांना रोज सांगतो, ते एक दिवस आपणही पाळू.

उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावं आणि परिषदेच्या कामकाजाला सुरुवात करावी, अशी विनंती करून मी थांबते.