उशिरा उमलणारे खेळाडू

(संस्थेच्या वेळापूर येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



 आता या व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, तो यथायोग्यच झाला. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते ज्यांचे नाव या यादीत नाही त्यांच्याविषयी. आणि तेही केवळ खेळाच्या क्षेत्रापुरते.

वेळापूरकरांस खेळाचे महत्त्व सांगणे नलगे. खो-खोने या गावाचे नाव दूरवर नेले आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा विजयी भारतीय संघात येथील रामजी कश्यप होते, हे आपण जाणताच. असे लहान वयात तळपणारे खेळाडू ओळखावयास मोठी दृष्टी लागत नाही; त्यांचे तेज आपण होऊनच डोळ्यांत भरते. प्रश्न आहे तो दुसऱ्या जातीच्या खेळाडूंचा. विसाव्या वर्षापर्यंत जे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून असतात आणि पुढे एकाएकी सर्वांच्या पुढे निघून जातात, त्यांस ओळखावे कसे, आणि तोवर सांभाळावे कोणी?

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. कारण तेथे प्रत्येक खेळाडूचा हिशेब वर्षावर्षाने लिहून ठेवलेला सापडतो. अमेरिकेत बास्केटबॉल हा महाविद्यालयांचा मोठा खेळ आहे. तेथील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रँक कामिन्स्की नावाचा सुमारे सात फूट उंचीचा विद्यार्थी होता. २०११–१२ या पहिल्या वर्षी त्याचे दर सामन्यास सरासरी गुण पडले १.८, दुसऱ्या वर्षी ४.२. एवढ्या उंच मुलाकडून एवढीच कमाई पाहून कोणीही मान हलविली असती. तिसऱ्या वर्षी तीच सरासरी १३.९ झाली आणि चौथ्या वर्षी १८.८. २०१५ साली तो त्या देशातील सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. उंची तीच, मैदान तेच, मुलगाही तोच. मधे गेली होती ती फक्त दोन वर्षे.

हा चमत्कार नव्हे. यास कारणे आहेत. उंच मुलाची हाडे आधी वाढतात. स्नायूंचे बळ आणि हातापायांचा मेळ मागाहून येतो. दुसरे असे की, पुढचे खेळाडू शिक्षण संपवून जाईपर्यंत मागच्यास मैदानावर उभे राहण्यासच वेळ मिळत नाही. आणि जो खेळतच नाही तो सामन्यात शिकणार काय? तिसरे कारण जन्मतारखेचे. एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच वयोगटात धरली जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे थोडे नव्हे. थोरला निवडला जातो, त्यास शिक्षक मिळतो, सामने मिळतात. धाकटा घरी जातो. पुढे लोक म्हणतात, पहिल्यात गुण होता, दुसऱ्यात नव्हता!

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असता १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लास गादीवरची कुस्ती नवीन होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. मात्र परत आल्यावर पदरात पदक नव्हते. वय होते बावीस. त्यानंतर चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे, लंडनहून वरच्या वजनगटात, कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले.

परंतु या कथेतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती कुस्तीच्या गादीवर घडलेली नाही. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपण नीट ध्यानात घ्यावे: हे घर पदकविजेत्यासाठी गहाण पडले नाही, तर सहाव्या क्रमांकाच्या मल्लासाठी पडले. पदक मिळाल्यावर मिरवणूक काढणारे पुष्कळ असतात. खर्डेकर पदकाच्या आधी उभे राहिले.

भगिनीवर्गासाठी आणखी जवळचे उदाहरण आहे. आपल्या शेजारच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर प्रथम लांब पल्ल्याच्या धावपटू म्हणून प्रसिद्धीस आल्या. पंचविशीच्या सुमारास त्या तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीकडे वळल्या. २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी त्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि २०१६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषा यांनी जे केले होते, ते त्यानंतर ३२ वर्षे एकाही भारतीय स्त्री धावपटूस साधले नव्हते. आता आपणच विचार करावा: बारावी झाली, पुरे झाले मैदान, असे आपण किती मुलींस सांगतो? मुलाचे उमलणे लांबले तर आपण कुरकुरत का होईना थांबतो. मुलीस तेवढीही मुदत देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, थांबलेला प्रत्येक जण कामिन्स्की होत नाही. हे आम्हांस मान्य आहे. ज्यांनी वाट पाहिली आणि ज्यांस काहीच गवसले नाही, त्यांच्या कथा कोणी लिहीत नाही. म्हणून यशस्वी झालेल्यांची दोन-चार नावे घेऊन सर्वांस खोटी आशा दाखविणे उचित नव्हे. संस्थेचा निधी हाही आपण पदरमोड करून जमविलेला पैसा आहे. परंतु मुलाची पारख करताना मोजमाप कोणते लावावे, हा खरा मुद्दा आहे. तो इतरांच्या मानाने कोठे आहे, एवढेच पाहिले तर उशिरा उमलणारा नेहमीच हरेल. गेल्या वर्षीच्या स्वतःच्या मानाने तो कोठे आहे, सरावास नियमाने येतो काय, सांगितलेली चूक पुन्हा करतो काय, हे पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो.

येथे एक कबुली दिल्यावाचून आमचे भाषण प्रामाणिक होणार नाही. आपल्या क्रीडासाहाय्य समितीवर आम्ही काही वर्षे होतो. दोन वर्षांत विद्यापीठाच्या संघात निवड न झाल्यास साहाय्य बंद, असा आपला नियम आहे. त्या नियमानुसार बास्केटबॉल खेळणाऱ्या एका उंच, अवघडल्या हालचालीच्या मुलाचे साहाय्य बंद झाले. पत्रावर सही आमची होती. वसतिगृहाचा खर्च झेपेना, म्हणून त्याने शिक्षणही सोडले आणि एका कारखान्यात नोकरी धरली. पुढे चार-पाच वर्षांनी कारखान्यांच्या सामन्यांत आम्ही त्यास खेळताना पाहिले. त्याला अडविणारा मैदानावर कोणी नव्हता. सामना संपल्यावर तो आमच्या पाया पडला. आम्ही काही बोलणार तोच हसून म्हणाला, “काका, उंची तेव्हाही होती, पाय तेवढे उशिरा आले.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द आम्हांस अद्याप विसरता आलेले नाहीत.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत आमची सूचना येणार आहे, ती एवढीच: दोन वर्षांची अट काढून पदवीचे शिक्षण पुरे होईपर्यंत साहाय्य चालू ठेवावे, दर वर्षी क्रीडाशिक्षकाकडून त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रगतीचा लेखी अहवाल घ्यावा, आणि मुलींसही हाच नियम लागू असावा. जो सरावास येत नाही त्याचे साहाय्य खुशाल बंद करावे. पण जो येतो आहे त्यास, तू अजून जिंकला नाहीस, एवढ्याच कारणास्तव घरी पाठवू नये.

दर आषाढात माउलींची पालखी या वाटेने जाते. तुकोबारायांस येथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून वेळापूरच्या उतारावर आजही धावा होतो. जे वारकरी येथे धावतात ते आळंदीपासून चालतच आलेले असतात. इतके दिवस हळू चालला म्हणून वाटेत कोणी त्यांस माघारी पाठवीत नाही; उलट गावोगावची माणसे त्यांस भाकरी देतात, पाणी देतात आणि पुढच्या मुक्कामास लावून देतात. आपल्या मुलामुलींसाठी संस्थेने एवढेच करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.