बालवर्गातील सर्पपरिचय
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इगतपुरी-त्र्यंबकेश्वरची भातखाचरे असोत, निफाडचे द्राक्षमळे असोत वा येवला-नांदगावकडील कोरडे माळ असोत, पावसाळा लागला की सर्प वस्तीजवळ दिसू लागतात. बिळांत पाणी शिरते, आणि उंदीर-बेडकांमागे सर्प अंगणापर्यंत येतो. मुले भितील म्हणून हा पाठ टाळणे योग्य नव्हे. कारण मुले सर्पाला शाळेबाहेर भेटणारच आहेत.

आपल्याकडील बहुतेक घातक दंश चार सर्पांचे असतात. नाग फणा उभारून इशारा देतो. घोणस अंगावरील साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगांवरून व मोठ्या फूत्कारावरून ओळखू येते. ती अंडी न घालता पिलांना जन्म देते. फुरसे लहान असते, आणि अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. मण्यार निशाचर आहे. ती जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून मुलांनी खाटेवर किंवा मच्छरदाणी नीट खोचून निजावे, असे पालकसभेत अवश्य सांगावे.

ही ओळख चित्रांवरूनच करून द्यावी. जिवंत सर्प वर्गात आणणे धोक्याचे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्धही आहे. बिनविषारी कवड्या पुष्कळसा मण्यारीसारखा दिसतो. तेव्हा विषारी-बिनविषारी ठरविण्याचा भार बालकावर टाकू नये. त्यास एवढेच शिकवावे : सर्प दिसताच थांबावे, मागे सरावे, मोठ्या माणसास सांगावे. दगड मारू नये, बिळात हात घालू नये.

नागपंचमीस जमीन खणू नये, नांगर धरू नये, ही आपली जुनी रीत. त्या दिवशी हा पाठ घ्यावा. सर्प दूध पीत नाही, उंदीर खातो, म्हणून तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे, हे मुलांस तेव्हा सहज पटेल.

आता मुख्य गोष्ट. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात केरळातील वायनाड जिल्ह्यात एका शाळेच्या वर्गातच पाचवीतील मुलीला सर्पदंश झाला आणि ती दगावली. वर्गात बीळ होते.

काय चावले हे मूल अनेकदा सांगत नाही. आपण खोडी केली, आता मार बसेल, असे त्यास वाटते. म्हणून 'चावले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही,' हे वाक्य त्यास शंभरदा ऐकवावे, आणि खरोखरच रागावू नये. दंश झालेल्या मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला अवयव हलू देऊ नये. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. मांत्रिकाकडे नेऊन वेळ दवडू नये. या चारही सर्पांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस हाच उपाय आहे. ती जेथे मिळते त्या रुग्णालयात थेट न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

आपणांस माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. उद्या शाळेत गेल्यावर वर्गाच्या भिंती, जमीन व सरपणाची जागा पाहून भोके बुजवून घ्यावीत. आणि प्रतिविष लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तेथे रात्रीही ती मिळते काय, याची चौकशी करून ते फळ्याशेजारी लिहून ठेवावे.